बारीक खनिजाचा माल हॉपरमध्ये, म्हणजे साठवणीच्या टाकीच्या खालच्या निमुळत्या भागात, अडकतो. भिंतींचा उतार किती ठेवावा?

तुमचा हिशोब असा दिसतोय: लोहखनिजाच्या चुऱ्याचा ढीग ३८ अंशांवर थांबतो, म्हणून हॉपरच्या भिंती ४५ अंशांच्या केल्या की माल आपोआप उतरेल. तसा तो उतरणार नाही. सैल ओतलेला माल किती पसरेल एवढंच ढिगाच्या उतारावरून कळतं. हॉपरमधला माल वरच्या वजनाने दाबलेला असतो आणि त्याला भिंतीवर घासत खाली यायचं असतं. म्हणून मोजायचं ते भिंतीशी होणारं घर्षण आणि दाबल्यावर मालात येणारी ताकद.

हे शास्त्र अँड्र्यू जेनिके यांनी यूटा विद्यापीठात १९६०च्या दशकात नीट मांडलं आणि त्यांच्या शिअर सेलवर (दाबलेला माल सरकवायला किती जोर लागतो ते मोजणारं उपकरण) आजही चाचण्या होतात. चाचणीला कोरडा, स्वच्छ नमुना पाठवू नका. पावसाळ्यात माल जितका ओला होतो तितका ओला, बारीक चुऱ्याचा नमुना पाठवा. बिन (हॉपरसकट अख्खी टाकी) दोन दिवस भरलेला पडून राहणार असेल तर तेवढा वेळ दाबाखाली ठेवून मोजायला सांगा. पडून राहिलेला माल बहुधा जास्त घट्ट होतो.

हॉपरचं खालचं तोंड किती मोठं हवं याचा ढोबळ अंदाज हातानेही निघतो. गोल तोंडाचा व्यास म्हणजे मालाच्या ताकदीच्या साधारण दुप्पट, भागिले (घनता गुणिले गुरुत्व). ताकद ३ किलोपास्कल आणि घनता घनमीटरला २००० किलो धरली, तर उत्तर सुमारे ३० सेंटिमीटर येतं. याहून लहान तोंडावर माल कमान धरून बसणार, म्हणजे पुलासारखा अडून राहणार. लांबट फटीला जवळपास निम्मी रुंदी पुरते, शिवाय भिंतीही शंकूपेक्षा साधारण दहा अंशांनी कमी उभ्या चालतात. फटीची लांबी मात्र रुंदीच्या निदान तिप्पट हवी. जागा असेल तर मी फटच निवडेन. मालात मोठे दगड असतील तर हिशोब वेगळा: गोल तोंड सर्वांत मोठ्या दगडाच्या सहा ते आठपट ठेवा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते फीडरकडे, म्हणजे तोंडाखालून माल ओढून पुढे नेणाऱ्या यंत्राकडे. फटीखाली बेल्ट फीडर लावला आणि बेल्टच्या चालीच्या दिशेने फट आणि बेल्टमधली मोकळी जागा वाढवत नेली नाही, तर माल फक्त मागच्या टोकातून ओढला जातो. बाकीचा जागेवरच थांबतो आणि मध्ये उभी पोकळी पडते. मग भिंती कितीही उभ्या असोत, उपयोग नाही. स्क्रू फीडर असेल तर पिच (स्क्रूच्या दोन पात्यांमधलं अंतर) पुढे पुढे वाढती घ्या.

जुन्या बिनवर आधी लायनर (भिंतींना आतून लावायचं गुळगुळीत अस्तर) लावून बघावा असं तुम्ही म्हणता. घर्षण कमी होतं हे खरं, पण तोंडच लहान असेल तर लायनरने कमान मोडत नाही. खालचा भाग कापून तोंड वाढवावं लागतं. व्हायब्रेटर लावलाच तर गेट बंद असताना चालवू नका, माल आणखी ठासला जातो. आणि अडकलेला माल मोकळा करायला कुणालाही आत उतरवू नका. कमान कोसळली की माणूस गाडला जातो.