आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांबरोबर फायनल इयर प्रोजेक्ट करावा का?

सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आर्किटेक्चरवाल्यांबरोबर एकत्र प्रोजेक्ट करायची संधी आलीय, त्यातून खरंच काही शिकायला मिळतं की नुसती डोकेदुखी, असं तुम्ही विचारलंय. डोकेदुखी होतेच. तरीही घ्या.

आम्ही पुण्यात केला होता. सिव्हिलचे तिघं, आर्किटेक्चरचे दोघं, विषय तळमजला अधिक तीन मजल्यांचं सार्वजनिक वाचनालय. पहिलं भांडण कॉलमवरून झालं. त्यांच्या प्लॅनमध्ये भिंत नऊ इंची, म्हणून कॉलमही २३० मिमी, भिंतीत गडप. आम्ही आयएस १३९२० ची, म्हणजे भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाची, २०१६ ची आवृत्ती पुढे केली: पुणे भूकंपाच्या झोन ३ मध्ये, कॉलमची लहान बाजू ३०० मिमीच्या खाली चालत नाही. आम्हाला वाटलं, जिंकलो. दोन दिवसांनी त्यांनी नवं स्केच आणलं. कॉलम ३०० बाय ६००, लांब बाजू भिंतीबाहेर काढलेली, आणि खिडक्या दोन कॉलमांच्या मधे आत सरकवलेल्या. पश्चिमेचं ऊन बरंचसं आपोआप अडलं! आमचे कॉलम मात्र फिरले, म्हणजे दोन्ही दिशांचा ताठपणा बदलला आणि इटॅब्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधलं मॉडेल पुन्हा चालवणं आलं. त्या आठवड्यात मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

खरी चूक मात्र आमची होती, आणि ती उशिरा कळली. वाचनकक्षावर साडेसात मीटरचे बीम होते. अ‍ॅनालिसिस पक्कं झाल्याशिवाय आकडा द्यायचा नाही, ही आम्हा सिव्हिलवाल्यांची सवय. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, कच्चं काही दिसलं की बाहेरून आलेले परीक्षक तेच धरून बसतात ना. त्यामुळे बीमची खोली ६०० मिमी हे त्यांना सबमिशनच्या तीन आठवडे आधी समजलं. तोवर त्यांनी वरच्या मजल्यावरचं टॉयलेट मधोमध हलवलं होतं. तिथून शाफ्टपर्यंत, म्हणजे उभे पाइप जातात त्या पोकळीपर्यंत, सहा मीटर ११० मिमीचा सॉइल पाइप (मैलापाण्याचा), उतार चाळीसास एक, म्हणजे पाइप पंधरा सेंटिमीटर खाली येणार आणि वाटेत बीम आडवा. मजल्याची उंची ३.३ मीटर, बीमखाली उरले २.७. त्याच्याही खालून पाइप नेऊन तो झाकायला फॉल्स सीलिंग केलं, तर वाचनकक्षात बसल्यावर छत डोक्यावर आल्यासारखं वाटलं असतं. पाच जणांपैकी एकानेही तोवर त्या जागेचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढला नव्हता. प्लॅनवर सगळं छान दिसत होतं.

त्यांच्यातली एक म्हणाली, "बीमला भोक नाही का पाडता येत?" आम्ही हसलो. गाइड हसले नाहीत. बांधून झाल्यावर मशीनने गोल भोक पाडणं (कोअर कटिंग) वेगळं, म्हणाले, पण आधीपासून ठरवून बीमच्या खोलीच्या मध्याशी, कॉलमपासून लांब, भोवती जादा सळई देऊन स्लीव्ह, म्हणजे पाइप जायला नळी, सोडता येते. आमच्या अभ्यासक्रमात हे कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी तसंच केलं.

त्यांची जुरी, म्हणजे परीक्षकांपुढे ड्रॉइंग मांडणं, एकदा जाऊन बघा. अर्धवट शीट भिंतीला लावायचं, त्यावर चारचौघांत लाल पेनने रेघोट्या ओढून घ्यायच्या, आणि संध्याकाळी चहा पीत पुन्हा काढायला बसायचं. मी त्यांच्याकडून उचललं ते हेच. आता ऑफिसात पहिल्याच मीटिंगला मी स्पॅन (बीमची लांबी) भागिले बारा करून बीमची अंदाजे खोली सांगते, पुढे "बदलेल" असं लिहून. साडेसात मीटरला सव्वासहाशेच्या आसपास येते. तेवढ्यावर समोरच्याचं छत ठरतं.

हो म्हणण्याआधी एवढं मात्र विचारून घ्या: गुण एकत्र की वेगळे, आणि दोन्हीकडच्या सबमिशनच्या तारखा एकच आहेत का. आमच्या नव्हत्या. त्यांची जुरी आमच्या आधी दहा दिवस होती, म्हणून त्यांच्या शीटवर बीम अजूनही ४५० चाच आहे.