वळवाच्या वाऱ्यात पत्र्याचं कुंपण आडवं होतं. कोल्हापूरजवळच्या प्लॉटला कोणतं घालावं?

पत्रा नकोच. तो वारा अडवतो आणि सगळा जोर खांबाच्या बुडाशी येतो. चेनलिंक जाळी घ्या, वारा आरपार जातो. ५ फूट उंचीची, २ इंची चौकटीची, १० गेज जाडीच्या तारेची जीआय (जस्त चढवलेली) जाळी पुरे.

खरं काम खड्ड्यात आहे. नदीकडच्या काळ्या रानात माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ गाडलेला खांब दोन-तीन वर्षांत हलायला लागतो. म्हणून खांबासाठी ८ फुटी लोखंडी अँगल घेऊन अडीच फूट गाडा. तेवढ्यात मुरूम लागला नाही तर आणखी खोल जा आणि अँगलही तेवढा लांब घ्या. खड्डा फूटभर रुंद, तळाला ४ इंच खडी, वर १:२:४ काँक्रीट (सिमेंट, वाळू, खडी). सिमेंटच्या एका पोत्यात दोन खड्डे आरामात होतात. काँक्रीटचा माथा खांबापासून बाहेर उतरता ठेवा, नाहीतर तिथंच पाणी साचून लोखंड गंजतं. दोन खांबांत ८ फूट अंतर.

कोपऱ्याच्या खांबांना दोन्ही बाजूंनी तिरके टेके हवेतच, कारण जाळीचा ताण तिथंच येतो. काँक्रीटवर सात दिवस पाणी मारा, मगच जाळी ताणा. गडबड केली की खांब आत झुकतात, ते पुन्हा सरळ होत नाहीत.

आडोशासाठी जाळीवर हिरवी शेडनेट मात्र बांधू नका. वारा तिच्यात शिडासारखा भरतो.