दुकानाची एकच वेबसाइट डॉट इन, डॉट कॉम आणि डॉट को डॉट इन या तिन्ही पत्त्यांवर उघडते. गूगलवर क्रमांक घसरेल का?

तिन्ही डोमेन खुशाल ठेवा, पण साइट एकाच पत्त्यावर उघडू द्या आणि उरलेल्या दोन्हींवरून ३०१ रीडायरेक्ट (आलेल्याला आपोआप मुख्य पत्त्यावर पाठवणारी सोय) लावा. एकच मजकूर तीन ठिकाणी दिसला म्हणून गूगल शिक्षा करत नाही (ही भीती उगाच पसरलीय). मात्र मुख्य पत्ता कोणता हे मग ते स्वतःच ठरवतं, आणि तो तुम्ही पाटीवर रंगवलेलाच असेल असं नाही. ३०१ म्हणजे कायमचा बदल, त्यामुळे जुन्या लिंकांचं वजनही मुख्य पत्त्याकडे जातं. पुण्यातल्या छोट्या दुकानांच्या साइट मी सांभाळतो. तिथे हमखास दिसणारी चूक म्हणजे सगळंच होमपेजवर ढकलणं. गोडा मसाल्याचं पान गोडा मसाल्याच्याच पानावर गेलं पाहिजे. शिवाय रीडायरेक्ट होणाऱ्या डोमेनलाही एसएसएल सर्टिफिकेट (साइटशी जोडणी सुरक्षित असल्याचं ब्राउझरला पटवणारा डिजिटल दाखला) लागतं, नाहीतर गिऱ्हाइकाला दुकानाआधी ब्राउझरची धोक्याची सूचनाच दिसते. डोमेन विकणारे 'मास्किंग' (वर पत्ता जुनाच दाखवून आत मुख्य साइट उघडणं) देऊ करतात, ते नको. फक्त एक: बंद करायचं डोमेन आधीपासून गूगलवर दिसत असेल, तर क्रमांक काही आठवडे हलेल आणि रीडायरेक्ट निदान वर्षभर तरी काढू नका.