रंकाळ्याला दीड ओळ, पप्पांच्या शॉपला दोन पानं

पत्र : "मॅडम, मी बीकॉम सेकंड इयरला आहे. सहा महिने झाले शनिवार-रविवारचा फोटोग्राफीचा क्लास करतेय. सर दर आठवड्याला एक असाइनमेंट देतात, कधी १० पैकी ९ पडतात कधी ३. मग माझ्यात क्रिएटिव्हिटी आहे का नाही? बीकॉम सोडून पूर्णवेळ ह्यातच जाऊ का? ८० हजाराचा कॅमेरा बघून ठेवलाय. पप्पा म्हणतात फोटो काय, आता शेंबडं पोरगंपण मोबाईलवर काढतंय." – एक विद्यार्थिनी, शाहूपुरी, कोल्हापूर

अगं, तुझं पत्र चांगलं सहा पानी आहे, वर नुसतं सार दिलंय कारण सगळं छापलं तर माझ्या उत्तराला जागाच उरणार नाही. मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा असंच, आणि दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, तू कशावर किती ओळी लिहिल्यास ते मोजत. रंकाळ्याच्या सनसेटचा फोटो, ज्याला ९ पडले आणि इन्स्टावर पण बदाबदा लाइक आले, त्याच्यावर तू दीड ओळ लिहिलीस. आणि उद्यमनगरातल्या पप्पांच्या पॅटर्न शॉपवर (लोखंड ओतायच्या साच्यासाठी लाकडाचा नमुना करतात ते) जवळजवळ दोन पानं, आणि मजा म्हणजे त्या असाइनमेंटला मार्क किती पडले ते तिथं लिहायलाच विसरलीस. माझ्याकडं येणारी पोरं मार्क कधी विसरत नाहीत बाई, त्यामुळं मी तिथंच पेन्सिल ठेवली.

आता "क्रिएटिव्हिटी आहे का" ह्या प्रश्नाचं काय करायचं सांग. ते काय रक्ताच्या रिपोर्टमध्ये येत नाही. मला फक्त एवढं बघता येतं की दिलेलं काम तू कुठं टाळलंस, कुठं उरकलंस आणि कुठं कोणी न सांगता परत परत गेलीस. तेवढं तुझ्या पत्रात भरपूर आहे, म्हणून तेच बघू.

पहिलं ते अनोळखी माणसाच्या पोर्ट्रेटचं. तू महाद्वार रोडवर दोन तास फिरलीस, कुणाशी बोलायचं धाडस झालं नाही, मग लांबून झूम करून एका फुलवाल्या आजींचा पाठमोरा फोटो काढून आलीस आणि सर म्हणाले की हे पोर्ट्रेट नाही, ही पाठ आहे. ३ मार्क. तुला राग आलाय, पण मला सर बरोबर वाटतात. मार्कांचं जाऊ दे, आजींकडून दहा रुपयांचा गजरा घेऊन "आजी, एक फोटो काढू का, क्लासचं काम आहे" एवढं म्हणायला काय लागतं? कोल्हापुरात फोटोला नाही म्हणणारं माणूस शोधावं लागतं, उलट नातवाला पण काढ म्हणून मागं लागतात. पण ह्यातून मला हे कळलं की अनोळखी गर्दीत घुसायचं काम तुला आज जड जातंय. म्हणजे पेपरचा फोटोग्राफर किंवा लग्नाचा फोटोग्राफर, जिथं अर्धा दिवस "मामा जरा पुढं या, काकू पदर नीट करा" असं ओरडावं लागतं, ते आज तरी तुझं नाही. शिकता येतं, पण आज नाही.

दुसरं किरणोत्सवाचं. असाइनमेंटचा विषय होता प्रकाश. नोव्हेंबरमध्ये ९, १० आणि ११ तारखेला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत जातात, पहिल्या दिवशी पाय, मग कंबर, मग चेहरा, आणि परत ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला, हे तुला मी सांगायला नको. गाभाऱ्यात फोटोला बंदी, म्हणून तू बाहेर थांबलीस, त्यात ढग आले, किरणं मध्येच विरली, सगळी हळहळली आणि तू "काहीच मिळालं नाही" म्हणून घरी येऊन रंकाळ्याचा जुना सनसेट सबमिट केलास. हाच तो ९ मार्कांचा! अगं ज्या वेळेला शेकडो माणसं एका उन्हाच्या तिरिपेसाठी मान उंच करून उभी होती आणि ते ऊन आलंच नाही, त्या वेळचे त्यांचे चेहरे तुझ्या दोन हातांवर होते. प्रकाश न आल्याचा फोटो. मला फोटोतलं फार कळत नाही तरी मला चुटपुट लागली. ९ पडले म्हणून तू ते विसरलीस, आणि सरांना तो फोटो जुना आहे हे माहीतच नाही, हे पण मला फारसं आवडलेलं नाही, असो.

तिसरं, एकाच वस्तूचे २४ फोटो. चपलेवर केलंस, छान केलंस, पुढं जाऊ.

आता पॅटर्न शॉप. असाइनमेंट होती दहा फोटोंची फोटो स्टोरी आणि सरांनी सांगितलेलं की एकदा जाऊन आलात तरी चालेल. तू चारदा गेलीस. पहिल्या दिवशी पप्पांनी केस विंचरले, शर्ट बदलला आणि पासपोर्ट फोटोसारखे ताठ उभे राहिले. दुसऱ्या दिवशी म्हणाले चल आवर लवकर. तिसऱ्या दिवशी ते तुला विसरले आणि पटाशी घेऊन कामाला लागले, आणि तिथून पुढं तुझं पत्रच बदलतंय बघ, अक्षर पण बारीक झालंय. तू लिहिलंयस की पप्पांकडं दोन पट्ट्या असतात, एक साधी आणि एक जरा मोठी आखलेली, कारण ओतलेलं लोखंड थंड होताना साधारण टक्काभर आखडतं, म्हणून लाकडाचा पॅटर्न आधीच तेवढा मोठा करायचा, आणि हे तुला वीस वर्षांत माहीत नव्हतं, कॅमेरा घेऊन गेलीस म्हणून विचारलंस. सगळ्या पत्रातली ही माझी सगळ्यात आवडती जागा. तू नुसते फोटो काढत नव्हतीस, विचारत होतीस. महाद्वार रोडवर ज्या पोरीला एका आजींशी बोलता आलं नाही ती पोरगी इथं तासभर प्रश्न विचारत बसली. म्हणजे तू लाजाळू वगैरे नाहीस, तुला वेळ लागतो. एका ठिकाणी चारदा गेल्यावर तुझा फोटो उघडतो.

आणि त्या स्टोरीला सरांनी मार्क कापले (शेवटच्या पानावर कोपऱ्यात सापडलं मला, ५) कारण काही फोटोंत काळे आडवे पट्टे आलेत. ह्याचं मी आमच्या ओळखीच्या एका फोटोग्राफरला विचारलं. तो म्हणाला, ट्यूब किंवा स्वस्तातला एलईडी असेल, आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण शटर फास्ट ठेवला, म्हणजे अगदी क्षणभरच उघडला, की कॅमेऱ्याला कळतं. मोबाईलच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० सेकंदाला लाव, पट्टे बहुतेक जातील. आणि सरळ दिवा बंद करून खिडकीच्या उजेडात काढ म्हणाला, भुसा उडताना ऊन भुशाच्या मागून आलं तर कण न् कण चमकतो, समोरून आलं तर काहीच दिसत नाही. म्हणजे ते ५ मार्क पाच मिनिटांत शिकता येणाऱ्या गोष्टीचे गेले, आणि रंकाळ्याच्या ९ मधे शिकण्यासारखं काही नव्हतं. असे मार्क घेऊन करिअर ठरवायचं?

बीकॉमचं मात्र मी स्पष्ट सांगते, सोडू नकोस. शिस्त लागते वगैरे म्हणून नाही. पुढची बरीच दारं डिग्रीनंतरच उघडतात. पुण्याच्या एफटीआयआयला (फिल्म इन्स्टिट्यूट) सिनेमॅटोग्राफी करायची तर ग्रॅज्युएशन लागतं, दिल्लीत जामिया मिलियामध्ये स्टिल फोटोग्राफीचा पीजी डिप्लोमा आहे त्यालाही लागतं, आणि कुठल्या शाखेचं हा प्रश्न तिथं फार येत नाही. प्रवेशाचे नियम बदलत असतात, त्यामुळं फॉर्म निघाला की त्यांच्या साइटवर स्वतः वाच, मैत्रिणीच्या स्क्रीनशॉटवर जाऊ नको. दुसरा रस्ता म्हणजे बीएफए अप्लाइड आर्ट, म्हणजे जाहिरात-डिझाइनच्या कलेची डिग्री, मुंबईचं जे.जे. आहे, आणि कला शिकवणारी कॉलेजं म्हणशील तर आपल्याकडं दळवीज, कलानिकेतन पण आहेत, पण बीएफए म्हणजे परत फर्स्ट इयरपासून चार वर्षं, आणि त्यात फोटोग्राफी हा एक भाग, ड्रॉइंगपासून सगळं करावं लागतं. तुझ्या सहा पानांत ड्रॉइंगचा द पण नाही. म्हणून मी तो रस्ता तुला सुचवत नाही, कुणी सुचवला तर आधी महिनाभर रोज स्केच करून बघ आणि मग बोल.

शिवाय बीकॉमचा उपयोग तुला आत्ताच आहे, बघ कसा. तू लिहिलंयस की एका चपलांच्या दुकानाला १५०० रुपयांत फोटो काढून दिलेस आणि त्यांनी तुझं नाव न टाकता मोठा बोर्ड छापला, आणि आता तू चिडलीस. चिडणं ठीक आहे पण १९५७ चा कॉपीराइट कायदा असं म्हणतो की पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि वेगळं काही ठरलं नसेल तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे बोर्ड त्यांचाच. आधी दोन ओळींचं लिहून घेतलं असतंस, फोटो कुठं वापरणार, नाव येणार का, बोर्डाचे वेगळे किती, तर हा प्रश्नच नव्हता. कोटेशन, ॲडव्हान्स, उधारी, वर्षाला २० लाखांच्या वर गेलं की जीएसटी, कॅमेऱ्याचा घसारा, हे सगळं तू शिकतेयस आणि बाकीचे फोटोग्राफर ह्यातच मार खातात. चांगला फोटो काढणारा पण बिल मागायला लाजणारा माणूस मी कोल्हापुरात किती बघितलाय म्हणून सांगू.

आणि कामाचं म्हणशील तर तुझा कल बघता मला उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव दिसतंय. एवढ्या फौंड्र्या (लोखंड ओतायचे कारखाने), मशिन शॉप, बाहेर माल पाठवणारे लोक, आणि त्यांचे कॅटलॉग उघडून बघ एकदा, कास्टिंग, म्हणजे ओतून केलेला भाग, जमिनीवर पेपर टाकून ठेवलंय आणि मागं कुणाचं तरी चप्पल दिसतंय. तिथं असा माणूस पाहिजे ज्याला कास्टिंग काय असतं ते कळतं. तुला कळतं, तू त्या लाकडाच्या भुशातच मोठी झालीस. लगेच पैसे मिळतील असं मी म्हणत नाही, पहिली दोनतीन कामं जवळजवळ फुकटच होतील. फक्त भट्टीजवळ जाताना सुती कपडे, बूट, आणि तिथला माणूस म्हणेल तिथंच उभं राहायचं, लोखंड ओततात तेव्हा ते १३०० डिग्रीच्या वर असतं, चांगल्या अँगलसाठी एक पाऊल पुढं वगैरे चालत नाही तिथं. आणि एक, वितळलेल्या लोखंडाच्या उजेडानं ऑटो मोड फसतो, बाकीचं सगळं काळं करून टाकतो, तर एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, हातानं लावायची सवय आत्तापासून कर.

कॅमेऱ्याचं. ८० हजारांचा आत्ता नको. मागं एका पालकांना मीच म्हणाले होते, मुलाला आवड आहे तर घेऊन द्या, चांगला भारीतला घेतला त्यांनी, पोरगं दोन महिने नाचलं, मग तो कपाटात आणि आपला पावसाळा तुला माहितीये, जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम गाळतात, पुढच्या वर्षी काढला तर लेन्समध्ये बुरशी. अजून त्या बाई दिसल्या की मी रस्ता बदलते. तर तू सेकंडहँड बॉडी बघ आणि पन्नास एमएमची एफ १.८ लेन्स (कमी उजेडातही चालते), नाहीतर भाड्यानं घे चार दिवस. जो काही घेशील तो हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायचा. आणि हे घ्यायच्या आधी ती पॅटर्न शॉपची स्टोरी मोबाईलवरच परत कर, त्या काळ्या पट्ट्यांशिवाय.

आता एवढा भाग पप्पांना वाचून दाखव. दादा, मोबाईलवर कोणीपण फोटो काढतंय हे तुमचं खरं आहे. पटाशी पण बाजारात कोणालाही मिळते की. खरी कॉर्नरला जो कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तो ज्यांच्यासाठी उभा केलाय त्या सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांचं मूळ आडनाव मेस्त्री. बाहेरनं सिनेमाचा कॅमेरा मिळेना तर त्यांनी इथंच कोल्हापुरात स्वतःचा तयार केला. आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या लोकांनी १९२९ ला इथं प्रभात फिल्म कंपनी उभी केली, पुण्याला ती नंतर गेली. तुमच्या पोरीनं मोठं काही करावं असं माझं म्हणणं नाही, तिची डिग्री होईपर्यंतची दीड-दोन वर्षं मी तिच्यासाठी मागतेय, शनिवार-रविवार फक्त. तुम्ही तिला एक मदत करा, तुमच्या ओळखीच्या एका फौंड्रीवाल्याला फोन करा आणि पोरगी चार दिवस येईल म्हणून सांगा. चार, एक नाही. आणि तुम्ही केस नाही विंचरले तरी चालतंय.

आणि तू, त्या फुलवाल्या आजींकडं जाऊन ये आधी. फोटो नाही निघाला तरी गजरा घेऊन ये. नंतर पुढच्या महिन्यात दोन्ही स्टोऱ्या घेऊन मला येऊन भेट, पप्पांना पण आण, तुमचं शॉप सोमवारी बंद असतं असं लिहिलंयस तर सोमवारीच या, संध्याकाळी पाचनंतर. प्रिंट काढून आण, मोबाईलवर मला बारीक दिसत नाही. रंकाळ्याचा नको आणू, तो मी रोज बघते.