जर्मनीत मास्टर्स करताना ओपन सोर्स प्रायव्हसी सॉफ्टवेअरवर पार्टटाइम काम मिळतं का?

तू विचारलंयस की नाशिकला बीई संपवून जर्मनीत मास्टर्सला आल्यावर ओपन सोर्स प्रायव्हसी सॉफ्टवेअरमध्ये (म्हणजे युजरची माहिती खाजगी ठेवणारी, कोणालाही कोड बघता येईल अशी सॉफ्टवेअरं) पार्टटाइम डेव्हलपरचं पगारी काम मिळेल का, आणि त्यात खर्च भागेल का. मिळतं गं, मी स्वतः तेच करतोय, पण आल्या आल्या मिळेल असं धरून एज्युकेशन लोन कमी काढू नकोस प्लीज.

इथे या नोकरीला वेर्कश्टुडेंट म्हणतात. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला 20 तास, सुट्टीत जास्त चालतं, फक्त आपल्याला, म्हणजे युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना, वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस एवढी मर्यादा (मार्च 2024 च्या आधी 120 होती, जुने व्हिडिओ बघून गोंधळू नकोस). 2026 मध्ये किमान वेतन ताशी 13.90 युरो, म्हणजे 20 तासांचे महिन्याला साधारण 1200, त्यातून पेन्शनचे 9.3 टक्के जातात. ब्लॉक्ड अकाउंटचा (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायचं खातं, त्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते) हिशोब महिना 992 चा आहे, तर कागदावर भागतं, म्युनिकला भाडं भरताना मात्र ओढाताण होते. आणि कोणी म्हणालं की कॉन्ट्रॅक्ट नको, फ्रीलान्स कर नि इन्व्हॉइस पाठव, तर सरळ नाही म्हण, स्टुडंट परमिटवर त्याला परदेशी नागरिकांच्या ऑफिसची वेगळी परवानगी लागते.

आता खरं महत्त्वाचं. टूटा (एन्क्रिप्टेड ईमेल) हॅनोवरची, नेक्स्टक्लाउड (स्वतःच्या सर्व्हरवर फाइल ठेवायचं सॉफ्टवेअर) स्टुटगार्टची, अशा कंपन्यांच्या ॲपचा कोड उघडा आहे, म्हणजे तू नाशिकला कॉलेज रोडवरच्या रूममध्ये बसून आजच बिनपगारी काम सुरू करू शकतेस, आणि पुढे नोकरी मागताना तेच दाखवू शकतेस. सगळे नवीन फीचर लिहायला धावतात, तू बग पकड. ही सॉफ्टवेअरं मुद्दामच युजरची माहिती गोळा करत नाहीत, त्यामुळे कोणाचं ॲप बंद पडलं तर डेव्हलपरला आतलं काहीच दिसत नाही, नुसतं "चालत नाही" असं आलेलं असतं. अशा वेळी जुन्या अँड्रॉइडवर, तुटक नेटवर तोच बग परत घडवून दाखवणारा, नेमक्या पायऱ्या लिहिणारा आणि सोबत एक टेस्ट जोडणारा माणूस टीमला फार हवा असतो, आणि असले फोन नि असलं नेट आपल्याकडे घरोघरी आहे ना! सिन्नरकडे जाताना बसमध्ये रेंज जाते येते तेव्हा मेसेज दोनदा जातो का, हे इथल्या ऑफिसात बसून कळत नाही. फक्त लॉग (ॲपने केलेल्या नोंदींची फाइल) जोडताना ईमेल, फोन नंबर काढून टाक, या क्षेत्रात ते आधी बघतात.

गूगल समर ऑफ कोडसुद्धा (ओपन सोर्स प्रोजेक्टवर मार्गदर्शकाच्या हाताखाली काम करायचा गूगलचा मानधन देणारा कार्यक्रम) निघायच्या आधी भारतातूनच कर, टोर (ओळख लपवून नेट वापरायचं सॉफ्टवेअर) वगैरे प्रोजेक्ट त्यात येत आलेत, 2022 पासून तर विद्यार्थी असण्याचीही अट नाही.

टीममध्ये इंग्लिशवर भागतं, तरी बी1 (मध्यम पातळी) पर्यंत जर्मन करून ये, घर शोधताना आणि सरकारी ऑफिसात लागतंच. आणि एपीएसचा (आपल्या पदवीची कागदपत्रं तपासून मिळणारं सर्टिफिकेट) अर्ज लवकर टाक, त्याशिवाय स्टुडंट व्हिसाची फाइल पुढे सरकत नाही.