सकाळची पहिली सिगारेट किती वाजता?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घर ठाण्यात, ऑफिस महाप्याला, दिवसाला बारा-पंधरा सिगारेटी. एकदा एकदम बंद केल्या, चौथ्या दिवशी परत टपरीवर. मग निकोटिनचं गम आणलं, उचक्या आणि मळमळ सुरू झाली म्हणून तेही टाकलं. आता लाइट सिगारेटवर यावं, व्हेप (ई-सिगारेट) घ्यावं की डॉक्टरांकडून गोळ्या आणाव्यात?

लाइट आणि व्हेपचं आधी उरकून टाकतो. लाइटच्या फिल्टरला बारीक छिद्रं असतात, धुरात हवा मिसळावी म्हणून. ओढणारा मात्र नकळत झुरका खोल घेतो, बोटांनी छिद्रं झाकतो आणि शरीराला हवं तेवढं निकोटिन वसूल करतोच. व्हेपच्या उत्पादनावर, आयातीवर आणि विक्रीवर 2019 पासून देशभर बंदी आहे. चोरून जे विकलं जातं त्यात काय भरलंय ते विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. आणि सिगारेटऐवजी सुगंधी सुपारी हा सल्ला ऑफिसात कुणी ना कुणी देईलच. तो ऐकू नका. तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कॅन्सरला कारण ठरते.

तुम्ही सिगारेटींचा आकडा दिलात, पण त्याहून कामाची गोष्ट सांगितली नाहीत: उठल्यावर पहिली कधी पेटते? रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, म्हणजे रात्रभरात टाकी जवळजवळ रिकामी. अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर शरीराची ओढ जबर आहे, नुसत्या निर्धारावर भिस्त ठेवू नका. नाश्ता करून, गाडी पकडून, ऑफिसच्या गेटवर पहिली होत असेल तर सवयीचा वाटा मोठा आहे आणि औषध कमी लागेल.

एकदम बंद करणं चुकीचं नव्हतं. 2016 मध्ये ब्रिटनमध्ये एकदम सोडणारे आणि दोन आठवड्यांत कमी करत सोडणारे असे दोन गट करून पाहिलं. दोन्ही गटांना निकोटिनची औषधं आणि समुपदेशन होतं. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांतले 49 टक्के टिकले, कमी करत जाणाऱ्यांतले 39. तुमच्याकडे औषधाचा आधार नव्हता, तिथे गडबड झाली. त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला असतो, मग दोन ते चार आठवड्यांत उतरत जातो. चौथ्या दिवशी परतलात म्हणजे घाट चढून झाल्यावर गाडी मागे वळवलीत. तरीही कमी करतच जायचं असेल तर पहिल्या आठवड्याअखेर निम्मं, दुसऱ्या आठवड्याअखेर पाव आणि मग शून्य, अशी तारीख घालून करा. 'बघू, हळूहळू कमी करतो' यातून बहुतेकांचं काही होत नाही.

आता गम. उचकी आणि मळमळ हे बहुतेक वेळा चघळण्याच्या पद्धतीमुळे होतं. च्युइंगगमसारखं भराभर चावलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. तिथे जळजळ करतं आणि शरीरभर पोहोचण्याआधी यकृत त्यातलं बरंचसं मोडून टाकतं. त्रास पुरेपूर, उपयोग तुटपुंजा. ते गालाच्या आतून शोषलं जायला हवं. म्हणून सावकाश आठ-दहा वेळा चावा, जीभ चुरचुरली की थांबा आणि गम गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. मिनिटाभराने चुरचुर गेली की परत थोडं चावा, दुसऱ्या गालात ठेवा. असा एक तुकडा अर्धा तास चालतो. आधी 15 मिनिटं आणि गम तोंडात असताना पाण्याशिवाय काही नको. कॉफी, कोल्ड्रिंक, सरबताने तोंड आंबट होतं आणि शोषण घटतं. चहावर लगेच गम टाकणारे 'काही फरकच पडत नाही' म्हणतात ते यामुळे.

दुसरी चूक मात्रेची. तलफ अगदी टोकाला गेली की एक, असे दिवसाला दोन-तीन तुकडे पुरत नाहीत. फक्त गमवर राहायचं तर पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, दिवसाला निदान नऊ. पुढचे तीन आठवडे दर दोन ते चार तासांनी. शेवटचे तीन आठवडे दर चार ते आठ तासांनी. 2 मिलिग्रॅम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं, 4 ला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. अर्ध्या तासाच्या आत पहिली ओढणाऱ्यांना एकट्या 2 वर भागत नाही.

त्यापेक्षा पॅच (त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी) आणि गम एकत्र वापरा. एकट्या पॅचपेक्षा किंवा एकट्या गमपेक्षा ही जोडी जास्त चालते. पॅच दिवसभराचा तळ सांभाळतो, गम अचानक उसळलेली तलफ. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी असतील तर 21 मिलिग्रॅमचा पॅच सहा आठवडे, मग 14 चा दोन आठवडे, 7 चा दोन. सकाळी अंघोळीनंतर दंडावर किंवा पाठीवर, केस नसलेल्या जागी, तेल-क्रीम न लावता. आपल्याकडच्या घामात आणि लोकलच्या गर्दीत कडा सुटतात, म्हणून त्वचा पूर्ण कोरडी करून तळव्याने दहा सेकंद घट्ट दाबा. रोज जागा बदला, नाहीतर पुरळ येतं. पॅचचा अंमल चढायला काही तास जातात, तेवढ्या वेळात गम. रात्री विचित्र स्वप्नं पडून झोप मोडत असेल तर झोपताना काढून टाका. गरोदर बायका आणि नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेले यांनी आधी डॉक्टर.

चहा-कॉफी मात्र निम्मी करा. धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा जोरात करत असतं. सिगारेट बंद झाली की तेवढ्याच चहा-कॉफीतलं कॅफिन रक्तात जवळजवळ दुप्पट साठतं. मग हात थरथरतात, झोप उडते, चिडचिड होते आणि खापर फुटतं सिगारेट सोडण्यावर. हा परिणाम धुराचा, निकोटिनचा नाही, म्हणून पॅचने तो टळत नाही.

टपरीचं काय करायचं ते आधी ठरवा. कायद्याने महाराष्ट्रात सुट्टी सिगारेट विकायला 2020 पासून बंदी आहे, पण कटिंगबरोबर एक मिळतेच, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पहिला महिना चारचा चहा पँट्रीत, सिगारेट न ओढणाऱ्यांबरोबर. संध्याकाळी घणसोलीला गाडीत चढताना गम तोंडात टाका. गाडीत तलफ आवरली जाते, ती उफाळते ठाण्याला स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावरून खाली उतरताना. तोपर्यंत गम कामाला लागलेलं असतं. एकेक उसळी पाच-दहा मिनिटांची असते. भाजलेली बडीशेप, लवंग, गार पाणी यावर ती निघते. शुक्रवारच्या पार्टीत मात्र निघत नाही. दोन पेग झाल्यावर ठरवलेलं कुणाला आठवत नाही, तेव्हा महिनाभर दारू बंदच ठेवा.

मध्येच एखादी ओढली गेली तर पॅच काढून फेकू नका. पॅच तसाच ठेवा, पाकीट फेका, गमची संख्या वाढवा. पहिल्या महिन्यात खोकला वाढू शकतो, पोट साफ होत नाही, वजनही चढतं. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो.

हे सगळं नीट करून जमलं नाही, किंवा गम-पॅच नकोच असतील, तर व्हरेनिक्लिन ही गोळी. सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू होते: 0.5 मिलिग्रॅम तीन दिवस दिवसातून एकदा, पुढचे चार दिवस दोनदा, मग 1 मिलिग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. मळमळ हा हिचा नेहमीचा त्रास. पोटभर जेवून, पेलाभर पाण्याबरोबर घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा बदलते. बुप्रोपिऑन हा दुसरा पर्याय, पण कधी फिट आली असेल तर तो नाही. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. फोनवर समुपदेशन हवं असेल तर पाकिटावरच छापलेला 1800-11-2356 हा टोल-फ्री नंबर आहे. नंतर तेच फोन करून विचारपूसही करतात.

डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची यादी न्या. दम्याचं थिओफिलिन आणि मानसिक आजारांवरचं क्लोझापिन किंवा ओलान्झापिन यांचं रक्तातलं प्रमाण सिगारेट बंद झाल्यावर वाढतं. त्यांची मात्रा कमी करावी लागेल का, हे सोडायच्या तारखेआधीच विचारून घ्या.