दान द्यायला पैसे थोडे आणि मागणाऱ्या संस्था खूप, मग निवडायचं कसं?

तुम्ही विचारलंय की वर्षाला ठराविक रक्कम बाजूला काढता, मागणाऱ्या संस्था पंधरा-वीस आहेत, सगळ्यांचंच काम चांगलं वाटतं, मग कोणाला द्यायचं आणि कशावरून ठरवायचं. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की या गोंधळात दोन वर्षं पैसे खात्यातच पडून आहेत. ते वाचलं म्हणून लिहायला बसले, कारण मीही तिथंच अडकले होते.

आधी मी काय करायचं सोडलं ते सांगते. पूर्वी मी फक्त अॅडमिन खर्चाचा, म्हणजे संस्था चालवायलाच किती पैसे जातात त्याचा, टक्का बघायचे. शंभरातले पंचाण्णव थेट गरजूंपर्यंत असं कुठं वाचलं की बरं वाटायचं आणि लगेच पैसे पाठवायचे. पण बिनकामाची गोष्ट स्वस्तात केली म्हणून ती कामाची होत नाही ना. आणि हिशेब ठेवणारा माणूस, गावोगाव फिरून परिणाम मोजणारी माणसं, यांचा पगार कुठल्या खात्यात दाखवायचा हे बऱ्यापैकी संस्थेच्याच हातात असतं, त्यामुळे दोन संस्थांचे टक्के शेजारी ठेवून फारसं काही कळत नाही. २०१३ साली अमेरिकेतल्या गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तिघांनी, म्हणजे संस्थांची माहिती दात्यांना पुरवणाऱ्यांनीच, जाहीर पत्र काढून सांगितलं की नुसत्या या टक्क्यावरून संस्था जोखू नका. हां, अर्धेअधिक पैसे निधी गोळा करण्यातच जात असतील तर तिथं थांबूच नका.

मग बघायचं काय? मी एकच प्रश्न धरून बसते: माझे पैसे गेले नाहीत तर नेमकं काय व्हायचं राहील? ऐकायला सोपा वाटतो पण याचं धड उत्तर फार थोड्या संस्था देतात. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर जगभरातून मदतीचा नुसता पूर आला होता, तेव्हा डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेने थोड्याच दिवसांत जाहीर केलं की त्सुनामीसाठी आम्हाला पुरेसे पैसे मिळालेत, आता त्या नावाने नका देऊ, आणि ज्यांनी आधीच दिले होते त्यांना विचारलं की हे दुसरीकडच्या कामाला वापरले तर चालतील का. येणारा पैसा नाही म्हणायला किती हिंमत लागत असेल! तेव्हापासून मी हे मुद्दाम बघते की संस्थेला अजून पैसे खरंच वापरता येणारेत का, की आधीच भरपूर पडून आहेत. शिल्लक किती आहे ते वार्षिक अहवालात सापडतं, दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे कल्पना गोड आहे म्हणून ती चालेलच असं नाही. प्लेपंप म्हणून एक प्रकार होता, मुलांच्या खेळायच्या गोल चक्राला पंप जोडायचा, मुलं खेळतील आणि पाणी वर टाकीत चढेल. कोणालाही आवडेल असंच आहे, मलाही आवडलं असतं. २००६ मध्ये अमेरिकेत त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले, आफ्रिकेत ४००० पंप बसवायचं ठरलं. पुढं असं दिसलं की मुलं काय दिवसभर चक्र फिरवत नाहीत, मग बायाच ते जड चक्र ढकलत बसायच्या, काही ठिकाणी तर आधीचा चांगला चालणारा हातपंप काढून हे बसवलेलं. २००९ मध्ये गार्डियन या ब्रिटिश वृत्तपत्राने हिशेब मांडला की ठरलेल्या सगळ्या लोकांना पाणी पुरवायचं तर मुलांना दिवसाला २७ तास खेळावं लागेल.

याच्या उलट औषध लावलेली मच्छरदाणी बघा. तिच्यात फोटो काढण्यासारखं काहीच नाही. पण तिच्यावर वर्षानुवर्षं अभ्यास झालेत, २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा की २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत मलेरियाच्या ६६ कोटींहून जास्त केसेस टळल्या आणि त्यातला दोन तृतीयांश वाटा या मच्छरदाण्यांचा. थोडे पैसे घेऊन विकल्या तर लोक जपून वापरतील असं बऱ्याच जणांना वाटायचं, केनियात ते तपासलं तर फुकट दिलेल्या मच्छरदाण्याही लोक तितक्याच वापरत होते, आणि किंमत थोडी जरी लावली तरी घेणारेच एकदम कमी होत होते. रोख पैशांचंही तसंच. गरिबाच्या हातात पैसे दिले की दारूत जातील असं मीसुद्धा म्हणायचे, पण गिव्हडायरेक्टली नावाच्या संस्थेने केनियात सरळ रोख रक्कम दिली त्याचा अभ्यास झाला तेव्हा दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला दिसला नाही, लोकांनी घराचं छप्पर केलं, जनावरं घेतली.

हा असला अभ्यास आपल्याला घरी बसून जमणार नाही, आणि गरजही नाही. दानाच्या संस्था तपासून बघणारं गिव्हवेल २००७ मध्ये सुरू झालं ते याच अडचणीतून, गुंतवणुकीच्या क्षेत्रातल्या काही तरुणांनी दान द्यायचं ठरवलं, संस्थांना फोन केले आणि हातात नुसती गुळगुळीत माहितीपत्रकं आली. आता ते मोजक्याच संस्थांची शिफारस करतात आणि कशावरून ते सगळं उघड मांडतात. तुम्हाला डोकं फार चालवायचं नसेल तर तिथली एक संस्था निवडा आणि मोकळे व्हा, खरंच सांगते, त्यात कमीपणा काही नाही.

पण तुमच्या यादीतल्या संस्था बहुतेक लहान असणार. त्यांच्यावर असे अभ्यास झालेले नसतात, होऊही शकत नाहीत, आणि कायदेशीर मदत किंवा वाचनालय अशा कामाचं फळ मोजायचं तरी कसं. तिथं मी मेल करते. देणगी द्यायच्या आधी एकच विचारते, गेल्या दोन-तीन वर्षांत तुमचं काय फसलं आणि त्यानंतर तुम्ही काय बदललं? एका बऱ्यापैकी मोठ्या संस्थेने मला उत्तरात हसऱ्या मुलांचे फोटो आणि पैसे भरायची लिंक पाठवली, मी पुन्हा विचारलं तर पुन्हा तीच लिंक. दुसरी एक अगदी छोटी, मुलांना वाचायला शिकवणारी, त्यांच्या ताईंचं दोन पानी उत्तर आलं, की संध्याकाळचे वर्ग काढले पण मोठ्या मुली येईनात कारण त्या वेळी त्यांच्याकडे धाकटी भावंडं असतात, मग भावंडांनाही बसायला जागा केली, तरी निम्म्याच आल्या, आता सकाळची वेळ करून बघतोय. मी त्याच दिवशी पैसे पाठवले. ज्याला आपलं काय चुकतंय ते माहितीय तो माणूस कामाजवळ उभा आहे.

याचं मोठ्या पातळीवरचं उदाहरणही आहे. एव्हिडन्स अॅक्शन या संस्थेचा बांगलादेशात नो लीन सीझन नावाचा कार्यक्रम होता, शेतीत काम नसतं त्या महिन्यांत लोकांना दुसरीकडे कामाला जाता यावं म्हणून प्रवासाला छोटं कर्ज द्यायचे. सुरुवातीच्या अभ्यासांत छान निकाल आले होते, पण मोठ्या प्रमाणावर केलं तेव्हा चाचणीत फरक दिसेना. त्यांनी ते स्वतः जाहीर केलं आणि २०१९ मध्ये कार्यक्रम बंद केला. माझा त्या संस्थेवरचा विश्वास त्यानंतर वाढला.

आता तुम्ही लिहिलंय की जाहिरात बघून रडू येतं आणि मग सगळ्यांनाच द्यावंसं वाटतं. ते येणारच, आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही, पण त्या रडण्याला आकडा कळत नाही. नव्वदच्या दशकात काही लोकांना विचारलं होतं की तेलात अडकून मरणारे पक्षी वाचवायला किती द्याल. पक्षी २००० असले तर लोक सरासरी ८० डॉलर म्हणाले, २०,००० असले तर ७८ आणि २ लाख असले तर ८८! म्हणून फोन आला, दारात कोणी आलं, व्हिडिओ बघून गलबलून आलं, तर मी त्या क्षणी देत नाही. नाव लिहून ठेवते आणि वर्षातून एकदा शांतपणे यादी काढून बसते.

पंधरा जणांना चिमूट चिमूट देऊ नका. दोन किंवा तीन निवडा, अमुकच कामाला वापरा अशी अट घालू नका, आणि दर महिन्याला खात्यातून आपोआप जाईल असं करून टाका, कारण लहान संस्थेला पुढच्या महिन्यात पगार होणार की नाही याची खात्री एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा कितीतरी जास्त कामाची असते. माझी सध्या विभागणी अशी आहे की बराचसा भाग मच्छरदाण्यांना आणि उरलेला त्या वाचायला शिकवणाऱ्या ताईंना. त्यांच्या सकाळच्या वर्गाचं काय झालं ते विचारलंय, उत्तर अजून यायचंय.

तुमचे दोन वर्षांचे पैसे साठलेत ना, मग अर्धे आजच मच्छरदाण्यांसारख्या एखाद्या तपासलेल्या कामाला देऊन टाका आणि उरलेल्या अर्ध्यासाठी यादीतल्या तिघांना तो मेल करा.